बार मोजणारे चेअरमन

ते पहिल्यांदा आमच्या कार्यालयात आले ते एका शब्दाची तक्रार घेऊन. शब्द होता ‘एकमताने’.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकाचा पारनेर तालुक्याचा वार्ताहर होतो. कार्यालय म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि कधी चालू कधी बंद असा फोन. तालुक्याच्या दूध संघाने जुना टँकर विकत घ्यायचा ठराव केला होता आणि संचालक मंडळाने तो एकमताने मंजूर केला, असं मी छापलं होतं. संघाचे चेअरमन अंकाची घडी हातात घेऊन आले, बसले, आणि खुर्ची तिरकी करून उजवा कान माझ्याकडे केला.

“तुमी मीटिंगला हुता का?”

“नाही. मॅनेजरांनी फोनवर सांगितलं.”

“मग एकमत कुनी ऐकलं?”

मी म्हणालो, विरोध कोणी केला नाही म्हणून तसं लिहिलं.

“इरोध न्हाई केला म्हंजी हो म्हनलं, असं न्हाई हुत. अकरा जन हुते. अकरा येळा ‘हो’ वाजलं, मी मोजलं. ते अकरा हो झाले. तुमी त्याचा येकच मोठा आवाज केला. त्यात कोन वाजला, कोन न्हाई, काय कळनार?”

खुलासा छापू का, असं मी विचारलं. नको म्हणाले. “फुडच्या खेपेला येऊन बसा. दाराजवळ बाक हाय.”

त्या बाकावर मी पुढे तीन वर्षं बसलो. संचालक मंडळाच्या बैठकीत वार्ताहराला बसू देणारा दुसरा चेअरमन मी पाहिला नाही.

चेअरमन होण्यापूर्वी वीसेक वर्षं त्यांनी विहिरींचे सुरुंग उडवले होते. तालुक्यातल्या बहुतेक गावांत त्यांची एक तरी विहीर होती. म्हातारी माणसं त्यांना अजून ‘मिस्त्री’ म्हणत. त्यांचं घर छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. जमीन दीड एकर, तीही मुरमाड. संघावर ते राखीव जागेवरून आले होते. अकरा संचालकांपैकी एक ते आणि दुसरी राखीव जागा एका बाईंची. उरलेल्या नऊपैकी आठ कालव्याखालच्या बागायती गावांचे आणि एकमेकांचे सोयरे. या आठांत दोन गट होते. एका गटाला दुसऱ्याचा चेअरमन नको होता. दोघांना हा माणूस चालला, कारण तो कुणाचाच नव्हता.

निवडीच्या दिवशी एक संचालक मला म्हणाले होते, “सुरुंगवाला हाय. कारभार धडाक्यात चालंल.” लोकांचा असा समज होता की ज्याने आयुष्यभर दारूगोळा हाताळला तो माणूस बेधडक असणार. तो समज पहिल्या बैठकीतच गेला.

अकरा जणांच्या लांब टेबलाशी चेअरमनची खुर्ची मधोमध असते. यांनी ती उचलून डाव्या टोकाला नेली. डाव्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे. टोकाला बसलं की सगळे उजव्या कानाकडे येत. मतदान हात वर करून नाही, तोंडाने घ्यायचं. पहिला आवाज त्यांचा स्वतःचा, मग रांगेने एकेक. मत घेताना ते डोळे मिटून बसत आणि टेबलाखाली एकेक बोट दुमडत मोजत. दोघे एकदम बोलले तर मोजणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. एखादा गप्प राहिला तर बैठक तहकूब, उद्या सकाळी अकराला.

“मिस्त्री,” व्हाइस चेअरमन आबा एकदा वैतागून म्हणाले, “हितं हीर खांदायची न्हाई. मीटिंग करायचीय.”

“दोन्हीत आत गेल्याबिगर कळत न्हाई, आबा,” ते म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

आबा कालव्याच्या गावचे. घरचा ऊस, ट्रॅक्टर, डझनभर गायी, आणि थट्टा करण्याची मोकळी सवय. दोघांचं तसं बरं होतं.

ही पद्धत कुठून आली ते समजायला विहिरीचं काम माहीत असावं लागतं. तळाच्या कातळात पहारीने भोकं पाडतात. प्रत्येक भोकात दारू ठासून वात लावतात. असं एक भरलेलं भोक म्हणजे एक बार. वाती पेटवून माणूस वर येतो, सगळे लांब पळतात, आणि मग मोजतात. अकरा बार भरले तर अकरा आवाज यायला हवेत. दहाच आले तर दोन शक्यता. दोन बार एकदम उडाले असतील. किंवा एक बार अजून खाली तसाच आहे. यातलं खरं काय हे वरून कळत नाही. म्हणून आवाज कमी पडला तर त्या दिवशी कोणी खाली उतरायचं नाही. हा कायदा कुठल्या पुस्तकात नव्हता. खाली उतरणाऱ्यांनी तो केलेला होता.

त्यांचा दुसरा नियम याच कामातला: “खाली उतरनाऱ्याला आधी इचारावं.” टँकरच्या ठरावाला त्यांनी आधी ड्रायव्हरला आत बोलावलं होतं. ड्रायव्हर बिचारा चप्पल बाहेर काढून भिंतीशी उभा राहिला. घाटात ब्रेक धरतील का, एवढं त्याला विचारलं. धरतील, तो म्हणाला. मॅनेजर घाबरले होते, टँकर फार जुना होता. चेअरमननी पाच मिनिटांत ठराव घेतला. नंतर मॅनेजरांना म्हणाले, “बंद पडला तर डोळ्यासमोर पडंल. डोळ्यासमोरच्याला म्या भीत न्हाई.”

बाकीच्या सवयी किरकोळ होत्या. रस्त्यात विहीर दिसली की ते जीप थांबवत, काठावर जाऊन आत खडा टाकत आणि ऐकत. मग “ही माझी” किंवा “हिला पानी न्हाई लागलं, पन कातळ चांगला हुता” असं सांगून परत येत. चहा बशीत घेत, पण बशी फुंकत नसत, थांबत. कोटाच्या खिशात खडूचा तुकडा असे. बोलता बोलता ते कुठेही खुणा करत, भिंतीवर, फरशीवर, एकदा माझ्या टेबलावर. फुली म्हणजे भोक.

दूध संघापुढे त्या काळात एकच मोठा प्रश्न होता. हिवाळ्यात दूध जास्त झालं की सरकारी योजना मधूनच एखादा दिवस दूध घेत नसे. त्याला दूध-सुट्टी म्हणत. सुट्टी माणसांना असे, गायींना नसे. केंद्रावर आलेल्या बाया किटल्या घेऊन परत जात. दूध कुणाला तरी वाटायचं, खवा करायचा, उरलं तर ओतून द्यायचं. चेअरमन सुट्टीच्या दिवशी मुद्दाम एखाद्या गावच्या केंद्रावर जाऊन उभे राहत. त्यांना काही करता येत नसे. परत जाणाऱ्या प्रत्येक किटलीकडे बघत ते उभे राहत.

यावर उपाय म्हणजे दुधाची भुकटी करायचा कारखाना. जास्तीचं दूध वाळवून ठेवता आलं की सुट्टी संपली. दूधधंदा खासगी डेअऱ्यांना खुला झाला होता, आजूबाजूचे संघ असे कारखाने काढायच्या तयारीत होते. चेअरमनना हा कारखाना मंडळातल्या कोणाहीपेक्षा जास्त हवा होता. गावोगावच्या सभांत त्यांनी शब्द दिला होता. शीतकरण केंद्रामागचा खडकाळ माळ त्यांनी जागा म्हणून नक्की केला होता, आणि पायासाठी कुठे कुठे भोकं पाडायची त्याच्या फुल्या स्वतःच्या हाताने खडकावर मारून ठेवल्या होत्या. “पाया मी फोडनार,” म्हणत. “मजूर म्हनून. हजरीवर.”

पुण्याच्या सल्लागाराने अहवाल केला. प्रस्ताव मार्चअखेर कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पोचायचा होता. शिमग्याच्या आधी बैठक बोलावली गेली.

पहिल्या दिवशी धरण्याजोगे आवाज दहाच झाले. अकरावी खुर्ची सुभद्राबाईंची. पठारावरच्या जिरायती गावच्या त्या संचालिका. मंडळात पठाराचं दुसरं कोणी नव्हतं. त्या बैठकीला क्वचित येत, टँकरच्या ठरावाला आल्या होत्या तशा. एरवी रजिस्टर घरी जाई आणि सही होऊन येई. त्या दिवशी त्यांच्या जागेवर त्यांचे मालक बसले होते. त्यांनीच “हो” म्हटलं.

चेअरमननी डोळे उघडले. “पाव्हनं, तुमी कोन?”

“आता वळखत न्हाई व्हय, मिस्त्री? मी मंडळीच्या वतीनं—”

“तुमचा बार आमी भरल्याला न्हाई. बाईंना आना. उद्या अकरा.”

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई आल्या. मालक दाराबाहेर, माझ्या बाकाच्या शेजारी उभे राहिले आणि आत बघत राहिले. रांग त्यांच्यापर्यंत आली. त्या टेबलाकडे बघत बसल्या. काही बोलल्या नाहीत. अर्धा मिनिट गेलं.

“तहकूब,” चेअरमन म्हणाले.

आबांनी कपाळावर हात मारला. “अहो, गप हाय म्हंजी मान्य हाय! बायामानूस काय ‘हो’ म्हनून वरडनार हाय का?”

“वरडू नका म्हनावं. पन वाजावं लागतं.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं. चेअरमननी पहिला “हो” स्वतः म्हटला. एकामागून एक नऊ “हो” झाले. सुभद्राबाई शेवटी होत्या. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, मालक बिडी आणायला गेले होते. मग म्हणाल्या, “इचारू का येक?”

“इचारा.”

“ह्या कागदात आमच्या गावचं दूध धरलंय, आन माझ्या भावाच्या गावचं बी धरलंय. दोन्हीची बेरीज केलीया. व्हय ना?”

मॅनेजरांनी अहवाल उघडला. सल्लागाराने प्रत्येक गावाचं सर्वांत चांगल्या महिन्याचं दूध घेतलं होतं आणि त्यांची बेरीज केली होती. सोयी झाल्या की प्रत्येक गाव बारा महिने तेवढं दूध देईल, असा त्यामागचा हिशेब होता. मॅनेजर म्हणाले, “हो. धरलंय.”

“पन गाय येकच हाय की.”

कोणीतरी हसलं. सुभद्राबाई थांबल्या नाहीत. “शिमगा झाला की आमच्या पठारावर पानी न्हाई, वैरन न्हाई. मग आमी गायी पाव्हन्याकडं लावतो, कालव्याच्या गावाला. पावसाळा लागला की आनतो. पौषात ती माझ्या दारात आसती, चैतात भावाच्या. दूध दोन गावांच्या नावावर जातं. तुमी दोन गायी धरल्या.”

आबा म्हणाले, “बाई, तुमच्या येका गायीनं कारखाना बंद पडतुय व्हय?”

“माझी येकटीची न्हाई, आबा. आख्ख्या पठाराची रीत हाय. तुमच्या गोठ्यात बी हायत की. तुमच्या मेव्हन्याच्या दोन. बांडी आन खिलारी.”

त्या खोलीत आठ माणसं कालव्याच्या गावांची होती. प्रत्येकाच्या गोठ्यात उन्हाळ्यात पाहुण्यांच्या गायी येत. लहानपणापासून येत होत्या. त्यामुळेच अहवाल वाचताना त्या कुणाला आठवल्या नव्हत्या.

“मग तुमचा आवाज?” चेअरमननी विचारलं.

“न्हाई,” सुभद्राबाई म्हणाल्या.

अकरा आवाज पुरे झाले. दहा हो, एक नाही. ठराव मंजूर झाला. माझ्या वहीत ते तसंच आहे.

मॅनेजर प्रस्तावाचे कागद सहीला घेऊन आले. चेअरमननी सही केली नाही. “पाडव्यानंतर करतो. आधी गायी हलू द्या. मी बघून येतो.”

“साहेब, प्रस्ताव मार्चअखेर जायचाय. पाडवा त्याच्या पुढे आहे.”

“म्हाईत हाय.”

“अकराच्या अकरा वाजले की साहेब. तुमचाच नियम.”

“वाजले,” ते म्हणाले. “पन दहा वरच्यावर वाजले. येक खाली वाजला. कातळ हालतो तो खालच्यानं.”

कायद्याने ते चुकीचे होते. मंडळाने मंजूर केलेल्या ठरावावर सही अडवण्याचा चेअरमनला अधिकार नाही. त्यांच्या स्वतःच्या नियमानेही त्यांना आता उतरायला हरकत नव्हती. हे दोन्ही मी त्या आठवड्याच्या बातमीत लिहिलं. बातमी वाचून ते म्हणाले, “बराबर लिवलंय.” मार्च संपला. प्रस्ताव गेला नाही. चारच दिवसांत आठ संचालकांच्या सह्यांची अविश्वास ठरावाची मागणी दाखल झाली.

नोटिशीची मुदत चालू असताना, पाडवा झाल्यावर, संघाच्या जीपमधून ते गायी बघायला निघाले. सोबत सुभद्राबाई, मॅनेजर आणि मी. वाटेत ते दोन विहिरींपाशी थांबले, खडे टाकले. तिसरी विहीर रस्त्याला अगदी लागून होती. तिथे ड्रायव्हरने न सांगता जीप जोरात काढली. चेअरमन दुसरीकडे बघत होते.

पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, ती विहीर त्यांची नव्हती का.

“माझीच,” ते म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला आणि निवायला ठेवला. मग जे सांगितलं ते चार-पाच वाक्यांत सांगितलं. बार अकरा होते. आवाज दहा आले. विहिरीच्या मालकाला काम उरकायचं होतं, दिवस मावळायला अवकाश होता. जोडीदाराने विचारलं, उतरू का? “दोन येकदम गेले, उतर, असं कुनीतरी म्हनलं. तो उतरला.”

“मालक म्हणाले?”

“मी म्हनलो.”

त्यांनी चहा प्यायला. बशी पालथी घातली.

“त्या मीटिंगला बाईंना आधी इचारायला पायजे हुतं,” ते म्हणाले. “म्या माझा आवाज आधी दिला. मला कारखाना पायजे हुता ना.”

सुभद्राबाईंच्या भावाच्या गोठ्यात सात गायी होत्या. त्यातली एक सुभद्राबाईंना बघून हंबरली. मॅनेजर सरकारी पद्धतीने कागदावर रकाने आखून उभे होते. रकान्याला काय नाव द्यायचं ते त्यांना सुचेना. चेअरमन म्हणाले, “लिवा, पाव्हन्या गायी.” भावाकडे तीन निघाल्या. शेजारच्या गोठ्यात दोन. पुढच्यात चार. दुपारपर्यंत तीन गावं झाली, मॅनेजरांचे रकाने भरले आणि त्यांनी मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली.

शेवटी आबांचं गाव. आबा ओट्यावरच बसले होते. अविश्वासाच्या मागणीवर पहिली सही त्यांची होती. त्यांनी सगळ्यांना चहा दिला, सुभद्राबाईंना वहिनींनी आत नेलं. मग आबा स्वतःच उठून गोठ्याकडे चालू लागले.

“ही बांडी. ही खिलारी. मेव्हन्याच्याच हायत. बाई खोटं न्हाई बोलल्या.”

“दोनच?” चेअरमननी विचारलं.

“चार,” आबा म्हणाले. “ह्या दोन साडूच्या. शिमग्याला आल्या.”

मॅनेजरांनी लिहून घेतलं.

“मोजा मिस्त्री, खुशाल मोजा,” आबा म्हणाले. “पन खुर्ची जानार. सही न्हाई केली तुमी. नऊ जनांचा अपमान हाय त्यो.”

“जाऊ द्या. मोजून झालं म्हंजी झालं.”

“तुमाला वाईट न्हाई वाटत?”

“वाटतंय की. माळावर फुल्या मारून ठिवल्यात.”

अविश्वासाच्या बैठकीला निबंधक कार्यालयाचा अधिकारी पीठासीन होता. चेअरमननी विनंती केली, मतं तोंडाने घ्यावीत. अधिकारी म्हणाले, हात वर करून घ्यायची पद्धत आहे. “बरं,” चेअरमन म्हणाले आणि सवयीने डोळे मिटून बसले. नऊ हात वर झाले. विरुद्ध एक, सुभद्राबाईंचा. बाईंच्या मालकांनी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, असं मला नंतर कळलं. ते खोटं असावं अशी माझी इच्छा आहे, पण मला ते तीन माणसांनी सांगितलं. चेअरमननी स्वतः मत दिलं नाही. मी बातमी दिली: नऊ विरुद्ध एक, एक तटस्थ.

ते संचालक राहिलेच होते. नवे चेअरमन आबा झाले, आणि खुर्ची पुन्हा टेबलाच्या मधोमध आली. जुन्या चेअरमनना उजव्या टोकाला, कपाटाच्या कोपऱ्यात जागा मिळाली. तिथे बसलं की सगळं मंडळ त्यांच्या डाव्या बाजूला येई. खुर्ची वळवावी तर कपाटाला अडे.

कारखान्याचा प्रस्ताव पुढच्या खेपेला पुन्हा पाठवता येणार होता. पावसाळ्यात, पठाराच्या गायी आपापल्या घरी गेल्यावर, आबांनी बैठक बोलावली. जुना अहवाल टेबलावर होता, आणि मॅनेजरांनी टाइप केलेला पाहुण्या गायींचा तक्ताही होता. कारखाना आबांनाही हवा होता. त्यांनी तो मिळवून दाखवायचा चंग बांधला होता.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही. संघाला तो हवा होता हेही खरं, आणि त्याच्या पोटाला उन्हाळ्यात दूध नव्हतं हेही खरं. दूध-सुट्ट्या आणखी काही हिवाळे चालू राहिल्या, हे मी पाहिलं आहे. पुढे खासगी डेअऱ्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या आणि संघाचं बरंच दूध तिकडे गेलं. कारखाना असता तर ते गेलं नसतं, असं म्हणणारी माणसं तालुक्यात आहेत. कारखाना असता तर संघच राहिला नसता, असं म्हणणारीही आहेत. मी दोघांचं लिहून घेतलं आहे. माळावरच्या फुल्या मात्र पहिल्या पावसातच गेल्या. खडू होता.

पावसाळ्यातल्या त्या बैठकीत आबांनी विषय वाचून दाखवला आणि म्हणाले, “मान्य असंल त्यांनी हात वर करा.”

कोणी हात वर केला नाही.

“मान्य न्हाई त्यांनी करा.”

तरीही नाही. दहा माणसं गप्प बसून होती, आपली पाळी येण्याची वाट बघावी तशी. आबांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या जुन्या चेअरमनकडे. ते टेबलाकडे बघत होते. त्यांना आबांचं बोलणं ऐकू गेलं होतं की नाही, कोण जाणे.

“बरं,” आबा म्हणाले. “तोंडानं. आधी बाई बोलतील.”

“न्हाई,” सुभद्राबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी दाराकडे बघितलं नाही.

मग रांग सुरू झाली. हो. नाही. हो. हो. नाही. मी वहीत रेघा मारत होतो. ज्यांनी चेअरमनना काढायला हात वर केला होता त्यांच्यातल्या चौघांनी “न्हाई” म्हटलं. रांग कोपऱ्यात आली. शेजारच्या संचालकांनी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी मान वर केली.

“न्हाई,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याचा असतो तसा.

शेवटचा आवाज आबांचा. “हो,” ते म्हणाले. “मला पायजे हुता.” मग मॅनेजरांना म्हणाले, “लिवा. पाच हो, सहा न्हाई. नामंजूर.”

बैठक संपल्यावर मंडळी पायऱ्यांवर चपला शोधत होती. जुने चेअरमन माझ्या बाकाशी येऊन उभे राहिले आणि उजवा कान माझ्याकडे केला. नामंजूर झालं हे त्यांना कळलं होतं.

“किती मोजले?”

“अकरा.”

“मला तिथनं नीट ऐकू येत न्हाई. दोन येकदम तर न्हाई ना गेले?”

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं, एकेक करत, शेवटपर्यंत.

“नाही,” मी म्हणालो. “अकरा वेगवेगळे.”

“मग हरकत न्हाई,” ते म्हणाले. पायांनीच चपला सरळ केल्या आणि पायऱ्या उतरू लागले.